परडी आणि ओळखपत्र

यवतमाळहून आर्णीमार्गे निघालं की धनोड्याजवळ पैनगंगा लागते आणि नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. पलीकडे नांदेड जिल्ह्यातलं माहूर. सरकारी नकाशावर ही हद्द ठळक असली तरी देवीच्या बाबतीत ती कुणी मानत नाही. पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस, आर्णी या भागातल्या कितीतरी घरांचं कुलदैवत माहूरची रेणुका आहे. लग्न झालं की जोडपं गडावर जातं, मूल झालं की त्याला दर्शनाला नेतात, नवरात्रात अनवाणी पायांनी बाया-माणसं गड चढतात. साडेतीन शक्तिपीठांतलं हे एक पूर्ण पीठ. गाभाऱ्यात देवीचं फक्त मुख आहे, धड नाही.

धड का नाही, याची कथा या भागातल्या प्रत्येक आजीला पाठ असते. नदीवर पाणी आणायला गेलेल्या रेणुकेचं मन क्षणभर विचलित झालं, जमदग्नी कोपले आणि त्यांनी मुलांना आईचा वध करायला सांगितलं. थोरल्या मुलांनी नकार दिला. परशुरामाने आज्ञा पाळली, मग वर मागून आईला परत उठवलं. आपण ही कथा बहुधा परशुरामाची म्हणून ऐकतो. आज्ञाधारक मुलगा, त्याचं धर्मसंकट, त्याचे वर. ज्यांनी आईवर हात उचलला नाही, त्या भावांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या भावांपासून सुरू होतो.

महाभारताच्या वनपर्वात बापाच्या शापाने ते भाऊ भान हरपून पशुपक्ष्यांसारखे जड होतात आणि परशुरामाच्या वरामुळे पुन्हा शुद्धीवर येतात. कथा मिटते. कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या डोंगरावर, जिथे हीच रेणुका यल्लम्मा म्हणून पुजली जाते, तिथली लोककथा वेगळी आहे. तिथे बाप मुलांना शाप देतो की तुमचं पुरुषत्व जाईल. ती मुलं मग आईच्याच आश्रयाला राहतात, तिची सेवा करतात, तिच्यासारखं नेसतात. जोगते, कानडी मुलखात ज्यांना जोगप्पा म्हणतात ते, आपलं मूळ या भावांमध्ये शोधतात. संस्कृत कथेने त्या मुलांना पूर्ववत केलं. लोककथेने त्यांना तसंच राहू दिलं आणि आईजवळ जागा दिली. स्त्री आणि पुरुष या दोन खणांत न बसणाऱ्या माणसांविषयी इतका मोठा विचार आपल्या लोकपरंपरेने केला होता, हे मराठी वाचकाने अभिमानाने सांगावं असं आहे. मात्र त्याच दमात पुढचा प्रश्नही विचारायला हवा: ही जागा त्या माणसाला केवढ्याला पडली?

हा प्रश्न आपल्याच मुलखापुरता नाही. गेल्या 70 वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत जुन्या, ख्रिस्तपूर्व देवदेवतांची उपासना पुन्हा सुरू करणारे समूह उभे राहिले. स्वतःला ते पेगन म्हणवतात. इंग्लंडमध्ये जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा 1951मध्ये रद्द झाला आणि 1954मध्ये जेराल्ड गार्डनर यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आलं. तिथून विक्का हा पंथ पसरला. एक देवी आणि एक देव, स्त्रीतत्त्व आणि पुरुषतत्त्व, त्यांचं मीलन, असा या पंथाचा मूळ सांगाडा. चर्चने झिडकारलेले अनेक समलिंगी आणि पारलिंगी लोक मोठ्या आशेने तिथे गेले. निसर्गाला आणि देहाला पाप न मानणारा धर्म आपल्याला तरी बाहेर काढणार नाही, अशी त्यांची आशा होती. तिथे गेल्यावर त्यांना कळलं की इथेही विधीसाठी एक बाई आणि एक पुरुष असा जोड लागतो.

त्यातून निरनिराळ्या वाटा फुटल्या. 1979मध्ये समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते हॅरी हे आणि त्यांच्या मित्रांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात समलिंगी पुरुषांचा मेळावा बोलावला आणि ‘रॅडिकल फेरीज’ नावाची चळवळ सुरू झाली. त्याच वर्षी स्टारहॉक या लेखिकेचं ‘द स्पायरल डान्स’ प्रसिद्ध झालं. देवीपूजकांमध्ये हे पुस्तक फार वाचलं गेलं. 10 वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा स्त्री-पुरुष ध्रुवांविषयीच्या आपल्या आधीच्या मांडणीपासून आपण दूर आलो आहोत, असं तिने त्याच पुस्तकात लिहिलं. धर्मग्रंथासारख्या वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाची लेखिका हयातीतच आपलं मत बदलते आणि तसं उघड सांगते. जुन्या धर्मांत हे सहसा घडत नाही, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सगळ्यांनी मात्र मत बदललं नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात दरवर्षी पँथियाकॉन नावाचं मोठं पेगन संमेलन भरत असे. 2011च्या संमेलनात लिलिथ देवीच्या एका विधीला फक्त जन्माने स्त्री असलेल्यांनाच प्रवेश मिळाला आणि पारलिंगी स्त्रियांना दारातून परत जावं लागलं. पुढच्या वर्षी स्त्रियांच्या देवीपंथातल्या एक ज्येष्ठ पुरोहिता झेड बुडापेस्ट यांच्या विधीलाही तीच अट होती. तेव्हा पेगन लेखक टी. थॉर्न कॉयल आणि इतर अनेकजण त्या दाराबाहेर शांतपणे बसून राहिले. घोषणा नाहीत, धक्काबुक्की नाही. मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहांचा इतिहास असलेल्या महाराष्ट्राला त्या बसण्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

न्यूयॉर्क राज्यात, कॅटस्किलजवळच्या पेलनव्हिल गावात, पेगनांचंच एक मंदिर आहे: सिबिली देवीचं. ही देवी मूळची अनातोलियाची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली. इसवी सनापूर्वी 204मध्ये तिला समारंभाने रोमला आणलं गेलं. तिचे सेवक ‘गल्ली’ म्हणवत. ते स्वतःचं पुरुषत्व कापून देवीला वाहत, बायकांसारखी वस्त्रं नेसत, झांजा-डफ वाजवत मिरवणुकीने फिरत आणि लोकांकडून दान मागत. हे वाचताना ज्याच्या डोळ्यांपुढे भंडाऱ्याने माखलेला, चौंडक्याच्या तालावर नाचणारा जोगता उभा राहणार नाही, असा मराठी माणूस विरळा. या दोन परंपरांचा थेट संबंध जोडायला पुरावा नाही आणि जोडण्याचा मोह टाळलेला बरा. एक साम्य मात्र डोळ्यांत भरतं. रोमने देवीला राज्याची रक्षक म्हणून गौरवलं, पण आपल्या नागरिकांना तिचा गल्ली व्हायला बंदी केली. देवी हवी, तिचे सेवक परके हवेत.

पेलनव्हिलच्या मंदिरात पारलिंगी स्त्रिया स्वतः पुरोहिता आहेत. तिथल्या नगर प्रशासनाने धार्मिक संस्थेची करसवलत नाकारली तेव्हा त्या वर्षानुवर्षं कोर्टात लढल्या आणि नोव्हेंबर 2014मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयात जिंकल्या. करसवलतीसारख्या रुक्ष विषयातून त्यांनी आपला धर्म आणि आपलं माणूसपण दोन्ही कागदावर आणलं. इतर मंदिरांना जो कायदा, तोच आम्हाला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आता सौंदत्तीकडे परत येऊ. पश्चिमेत लढाई आत शिरण्यासाठी आहे. आपल्याकडे आत घ्यायला देवी आणि तिचे लोक नेहमीच तयार होते. आपल्याकडची अडचण बाहेर पडण्याची आहे, आणि ती अधिक कठीण आहे.

बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात मूल देवीला सोडलं जातं ते असं. मुलाच्या केसांत जट दिसते. अंगावर चट्टे येतात, आजार हटत नाही. किंवा मुलगा बायकांसारखा चालतो, आईचं लुगडं नेसून बघतो, मुलींतच खेळतो. कुणीतरी जाणतं माणूस सांगतं की हे देवीचं झाड आहे, देवीने याला धरलंय. मग डोंगरावर नेऊन त्याच्या गळ्यात मोत्यांचं दर्शन बांधतात. त्यानंतर तो साडी नेसतो, हातात परडी घेतो, मंगळवार-शुक्रवार जोगवा मागतो, जत्रेत डोक्यावर ‘जग’, म्हणजे देवीची मूर्ती, घेऊन नाचतो. त्याला गुरू मिळतो, गुरुबहिणी मिळतात. लग्नकार्यात, बारशाला त्याच्या हातचा भंडारा शुभ मानतात. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवीसोबत तोही बांगड्या फोडतो आणि माघातल्या अहेव पुनवेला तिच्यासोबत पुन्हा भरतो. देवीच्या सुखदुःखाशी त्याचं आयुष्य बांधलेलं असतं.

यातल्या काहींसाठी ही सुटका असते. ज्या मुलाला आतून सतत वाटत आलं की आपण मुलगी आहोत, त्याला गावाच्या संमतीने, देवीच्या नावाने साडी नेसता येते. मारणारा बाप एक दिवस पाया पडतो. मंजम्मा जोगती यांचं आयुष्य याच वाटेने गेलं. बळ्ळारी जिल्ह्यात मंजुनाथ या नावाने जन्मलेल्या मुलाला घरच्यांनी पौगंडावस्थेत देवीला सोडलं. त्यानंतरची वर्षं उपासमारीची होती, आत्महत्येचा प्रयत्नही झाला. पुढे काळव्वा जोगती यांच्याकडे त्या जोगती नृत्य शिकल्या आणि ती कला त्यांनी रंगमंचावर नेली. 2019मध्ये त्या कर्नाटक जनपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. नोव्हेंबर 2021मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री घेताना त्यांनी राष्ट्रपतींसमोर पदर धरला आणि त्यांची दृष्ट काढली. देशभर ते चित्रीकरण पाहिलं गेलं. जोगत्याच्या हातात असलेलं एकमेव बळ म्हणजे आशीर्वाद. देशाच्या सर्वोच्च पदावरच्या माणसाला त्यांनी तोच दिला.

पण मंजम्मांच्या मागे किती जण उभे आहेत, ज्यांना ना कला मिळाली ना पुरस्कार? आणि त्याहून अवघड प्रश्न: ज्यांना साडी नेसायचीच नव्हती, त्यांचं काय? मराठी साहित्यात हा प्रश्न राजन गवस यांनी सर्वांत धीटपणे विचारला. ‘चौंडकं’मध्ये देवीला सोडलेली मुलगी आहे, ‘भंडारभोग’मध्ये जोगता. गडहिंग्लजच्या परिसरातली ही भाषा, तिचे हेल, तिथली दारिद्र्याची आणि अंधश्रद्धेची जुळणी गवसांना आतून माहीत होती. या दोन कादंबऱ्यांच्या आधारावर आणि चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेवरून राजीव पाटील यांनी 2009मध्ये पडद्यावर आणलेला ‘जोगवा’ अनेकांनी पाहिला असेल. त्यातल्या तायप्पाला मनाविरुद्ध साडी नेसावी लागते. ती भूमिका करणाऱ्या उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘जोगवा’ बघून बाहेर पडणारा प्रेक्षक हळहळला, कारण तायप्पा ‘खरा पुरुष’ होता आणि त्याच्यावर अन्याय झाला. अन्याय झालाच. पण समजा तायप्पाला साडी मनापासून हवी असती, तर? तेव्हाही त्याच्यापुढे भिक्षेची परडी सोडून दुसरं काम ठेवलं नसतं तर तो अन्याय कमी झाला असता का? आपली करुणा बहुतेक वेळा चुकून देवळात गेलेल्या पुरुषापाशी थांबते. जी व्यक्ती स्वतःच्या ओळखीने तिथे गेली, तिच्याविषयी मात्र आपण मानतो की तिला तिची जागा मिळाली. ही समजूत मोडायला हवी. कुणाला साडी नेसायची नसेल तर त्याला ती नेसवू नये आणि कुणाला नेसायची असेल तर तिला त्यासाठी भीक मागावी लागू नये. ही एकाच हक्काची दोन टोकं आहेत.

कायदा या बाबतीत मागे राहिला. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934मध्ये कायदा झाला, कर्नाटकात 1982मध्ये. गडहिंग्लज आणि निपाणीच्या कार्यकर्त्यांनी देवदासींच्या पुनर्वसनासाठी, पेन्शनसाठी, त्यांच्या मुलांच्या शाळेसाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. त्या लढ्याचं मोल मोठं आहे. पण या दोन्ही कायद्यांत देवदासी म्हणजे स्त्री. त्याच डोंगरावर, तशाच विधीने, त्याच देवीला वाहिलेल्या मुलग्याचा त्यांत उल्लेख नाही. उलट जोगवा मागणं हे मात्र कायद्याच्या कक्षेत येतं. 1959च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात गाणं, नाचणं, भविष्य सांगणं या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणं हीसुद्धा भीक आहे. देवीच्या दारात जी सेवा, ती रेल्वे फलाटावर गुन्हा ठरू शकते.

या सगळ्याला नेहमीच असं लाचारीचं रूप होतं का? इतिहास नाही म्हणतो. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने 1987मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दख्खनमधली जुनी कागदपत्रं तपासली आहेत. मराठी राज्यात काही हिजड्यांना गावाच्या महसुलातून रोख नेमणूक आणि जमिनी होत्या, त्यांच्या सनदा होत्या, आणि हा हक्क गुरूकडून चेल्याकडे जात असे. घरोघर जाऊन मागणं हाही राजाने मान्य केलेला हक्क होता. कंपनी सरकारला हे पटलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इनामांची चौकशी झाली तेव्हा पुढच्या पिढीकडे हे हक्क जाऊ द्यायचे नाहीत, असं धोरण ठरलं. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर उत्तर हिंदुस्थानात हिजड्यांची नोंदवही ठेवली आणि स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी नाचणं हा गुन्हा केला. ज्यांच्याकडे सनद होती, त्यांच्याकडे फक्त टाळी उरली.

पेशवाईचं गुणगान करण्यासाठी ही गोष्ट सांगितलेली नाही. त्या राज्यात जातीची उतरंड किती कडक होती, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. सांगायचं ते इतकंच की ‘हे लोक पूर्वीपासून भीकच मागत आले’ हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

यवतमाळच्या श्रोत्यांना जानेवारी 2019 आठवत असेल. 11 ते 13 जानेवारीला इथे 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यामुळे मोठा वाद झाला आणि उद्घाटन अखेर याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी केलं. विधवेला शुभकार्यात मागे उभं करणाऱ्या समाजात तिच्या हाताने संमेलनाचं उद्घाटन झालं, ही त्या संमेलनाची सर्वांत मोठी कमाई. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. त्यांचे वडील रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’मध्ये रेणुका, यल्लम्मा, मातंगी, भूदेवी यांचे धागे उलगडले. वारूळ, माती आणि देवीचा मस्तकहीन देह यांमागची प्राचीन मातृपूजा त्यांनी मराठी वाचकाला दाखवली. रेणुका म्हणजे मातीची, पृथ्वीची देवी. पश्चिमेतल्या पेगन मंडळींना जी देवी पुस्तकांतून आणि उत्खननांतून पुन्हा उभी करावी लागली, ती पैनगंगेच्या काठावर कधी गेलीच नव्हती.

त्याच आठवड्यात, 15 जानेवारी 2019ला, प्रयागराजच्या कुंभात पहिल्या शाहीस्नानाला किन्नर आखाडा ‘जुना’ नावाच्या आखाड्यासोबत उतरला. हा आखाडा 2015मध्ये स्थापन झाला, 2016च्या उज्जैन सिंहस्थात पहिल्यांदा मिरवला. त्याच्या आचार्य महामंडलेश्वर लक्ष्मीनारायण त्रिपाठी ठाण्याच्या. त्यांचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन आधी मराठीत आलं, वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून. आखाडा परिषदेने 13 आखाड्यांखेरीज चौदावा मानायला नकार दिला होता. तरी संगमावर लाखो लोकांनी किन्नर साधूंचे आशीर्वाद घेतले.

हे दृश्य पाहून आनंद व्हावा की काळजी वाटावी? दोन्ही. ज्यांना देवळाच्या पायरीवर टाळी वाजवायला ठेवलं होतं, ते पालखीत बसले, त्याचा आनंद. काळजीही तितकीच खरी. नोव्हेंबर 2018मध्ये त्रिपाठी यांनी अयोध्येतल्या राममंदिराला पाठिंबा दिला तेव्हा देशातल्या अनेक पारलिंगी कार्यकर्त्यांनी जाहीर निवेदन काढून विरोध नोंदवला. हिजडा घराण्यांत हिंदू गुरूला मुसलमान चेला आणि मुसलमान गुरूला हिंदू चेला असणं ही नित्याची गोष्ट आहे. हिजड्यांच्या देवीचा, बहुचरा मातेचा फोटो आणि अजमेरच्या उरुसाची ओढ एकाच घरात नांदते. एका धर्माच्या आखाड्यात प्रतिष्ठा मिळवताना ही सरमिसळ गमावली तर नुकसान मोठं आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या कवयित्री आणि कार्यकर्त्या दिशा पिंकी शेख तर हा सगळा प्रश्न धर्मापेक्षा जात आणि पोट यांच्या बाजूने मांडतात, आणि त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पवित्र म्हणून उंच बसवलेल्या माणसाला घर भाड्याने मिळत नसेल, तर त्या उंचीचा त्याला उपयोग काय?

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट पाहायला मिळते, तिचा उल्लेख करायलाच हवा. केळापूर, झरी-जामणीकडे आणि पलीकडे आदिलाबादच्या गोंड गावांत दिवाळीच्या सुमारास दंडारीचे ताफे निघतात. मोरपिसांचे टोप घातलेले घुसाडी असतात आणि बाईचा वेश केलेले पोरिकही असतात. हा वेश पवित्र मानला जातो, त्याची कुणी टिंगल करत नाही. पण दंडारी संपली की वेश उतरतो. हे लिंगभाव बदलणं नव्हे, हा विधी आहे, आणि दोहोंची गल्लत करून ‘आदिवासींत हे सगळं पहिल्यापासून मान्य आहे’ असं सांगणं आदिवासींवरही अन्याय करणारं आहे. मान्य आहे की नाही, हे त्या समाजातल्या पारलिंगी मुलामुलींनी सांगायचं. इतकं मात्र खरं की जिथे गावातला पुरुष लुगडं नेसून देवासमोर नाचतो आणि त्याची लाज कुणाला वाटत नाही, तिथे बोलणं सुरू करायला जमीन मऊ असते.

2011च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री आणि पुरुष यांच्याखेरीज ‘इतर’ असा रकाना होता. देशात 4,87,803 जणांची नोंद त्यात झाली, महाराष्ट्रात 40,891 जणांची. खरा आकडा यापेक्षा मोठा आहे, यावर या क्षेत्रात काम करणाऱ्यांचं दुमत नाही, कारण घरातल्या कर्त्या माणसाने गणकाला सांगितलं तीच नोंद झाली. 15 एप्रिल 2014ला न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘नालसा’ खटल्यात निकाल दिला की आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा स्वतःचा आहे. 6 सप्टेंबर 2018ला भारतीय दंड संहितेच्या कलम 377मधून संमतीचे समलिंगी संबंध वगळले गेले. 2019च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने ओळखपत्र देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलं. पूर्वी जोगत्याची ओळख परडी आणि दर्शन यांनी होत असे. आता त्यासाठी कागद आहे.

कागदाने काय होतं, असं विचारणाऱ्यांना दोन गावांची नावं सांगता येतील. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातलं तरंगफळ. 2017मध्ये तिथे ज्ञानेश्वर कांबळे, म्हणजे लोकांच्या माऊली, सरपंच म्हणून थेट निवडून आल्या. जळगाव तालुक्यातलं भादली. तिथे अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेवर अर्ज भरला, तो बाद झाला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयाने अर्ज घ्यायला लावला आणि जानेवारी 2021मध्ये त्या निवडून आल्या. डिसेंबर 2022मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीत पारलिंगी उमेदवारांसाठी सोय करायला सरकारला भाग पाडलं. तरंगफळ काही पुणे-मुंबई नव्हे. माळशिरसच्या रानातल्या गावाला जे जमलं ते राळेगाव-मारेगावच्या गावाला जमणार नाही, असं मानायला आधार नाही.

माहूरच्या गडावर जाणाऱ्या प्रत्येक यवतमाळकराने त्या थोरल्या भावांची गोष्ट पुन्हा घरात सांगावी. बापाने सांगूनही आईवर शस्त्र न उचलणारी मुलं दुबळी नव्हती, असं मुलांना सांगावं. शाळेतल्या शिक्षकांनी बायकी चालणाऱ्या मुलाला आणि मुलग्यांसारख्या मुलीला वर्गात टिकवावं. दहावीच्या आत शाळा सुटली की पुढे परडी, टोळी किंवा फलाट यांखेरीज वाट उरत नाही, हा या माणसांच्या आयुष्यातला सर्वांत पक्का कार्यकारणभाव आहे. ज्यांना देवीची सेवा हवी आहे त्यांनी ती मानाने करावी. पण त्याआधी त्यांच्या हातात दाखला, रेशन कार्ड आणि दुसरं काही करण्याची मुभा असावी.

आणि एक काम तर आज रात्री घरी जातानाच करता येईल. 2019च्या कायद्याच्या कलम 12नुसार पारलिंगी असल्याच्या कारणावरून कोणत्याही मुलाला आईबापापासून वेगळं करता येत नाही, न्यायालयाने मुलाच्या हितासाठी तसा आदेश दिला तरच ते होऊ शकतं. कलम 18नुसार अशा व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणाऱ्याला 6 महिने ते 2 वर्षं कैद होऊ शकते. आपल्या ओळखीत असं मूल असलेलं घर असेल, तर ही दोन कलमं त्या घरापर्यंत पोचवा.